‘अपग्रेड नको, थेट फॉरमॅट मारा’ : हा सल्ला डोळे झाकून पाळू नका

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर जाऊ पाहणाऱ्यांना एक फॉरवर्ड हमखास मिळतो. त्याचा गोषवारा असा : अपग्रेड कधीच करू नका, जुना कचरा नव्या विंडोजमध्ये येतो, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) फुगून मशीन स्लो होतं, व्हायरसही सोबत येतो, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून क्लीन इन्स्टॉल करणं हेच सुरक्षित. या सल्ल्यापायी माणसं आपला डेटा कायमचा गमावतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘जुन्यावरच नवं थापलं जातं.’ विंडोज व्हिस्टापासून सेटअपची पद्धतच बदलली आहे. इन्स्टॉलरमध्ये विंडोजची तयार इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची प्रत असते. अपग्रेड करताना सेटअप जुना विंडोज फोल्डर बाजूला काढून ‘विंडोज.ओल्ड’मध्ये ठेवतो, इमेजमधून नवी सिस्टिम उभी करतो आणि मग तुमचे प्रोग्रॅम, सेटिंग्ज आणि चालणारे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) तिच्यात आणून बसवतो. म्हणजे सिस्टिमच्या फाइल्स नव्याच असतात. मॅकवर तर हा वाद आणखी फिका पडतो : २०२० च्या मॅकओएस बिग सरपासून सिस्टिमचा भाग डिस्कच्या वेगळ्या, सीलबंद कप्प्यात (व्हॉल्यूमवर) असतो, त्यामुळे अपग्रेड करा किंवा पुसून टाका, तो भाग सारखाच येतो.

हे खरं की तुम्ही टाकलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं येतं. कधीकाळी विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम, दोन-दोन अँटिव्हायरस, स्टार्टअपला चालू होणारी डझनभर ॲप्स, सगळं. पण ते अपग्रेडच्या आधी अनइन्स्टॉल करता येतं. आणि फॉरमॅटनंतर तुम्ही तेच सगळं पुन्हा टाकणार असाल, तर काही आठवड्यांत मशीन मूळ पदावर येईल.

‘रजिस्ट्री फुगते.’ विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. हवी ती नोंद थेट शोधते. पडून राहिलेल्या जुन्या नोंदींनी जाणवण्याइतका फरक पडत नाही. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला तर खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. मशीन रखडतं ते बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे, अपुऱ्या रॅममुळे, काठोकाठ भरलेल्या सी ड्राइव्हमुळे किंवा स्टार्टअपच्या गर्दीमुळे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली, म्हणजे हुबेहूब उतरवली, तर फॉरमॅट न मारताही फरक लगेच दिसतो.

‘व्हायरस सोबत येतो.’ इथे फॉरवर्ड बरोबर आहे. मशीनला लागण झाल्याची खरी शंका असेल तर पुसणंच योग्य. मात्र तेव्हाही विंडोज टाकायचा बूटेबल पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर बनवायला हवा. आणि फक्त सी पुसून डी ड्राइव्हवरचे जुने सेटअप व क्रॅक पुन्हा चालवले, तर केलेलं सगळं वाया जातं.

आता शेवटचा दावा, ‘क्लीन इन्स्टॉल सुरक्षित’. माझा खरा आक्षेप इथे आहे. अपग्रेड फसलं तर सेटअप बहुतेक वेळा आपणहून जुन्या विंडोजवर परत येतो. ते पूर्ण होऊनही एखादी गोष्ट चालेनाशी झाली, तर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधून मागे जाता येतं. फॉरमॅटला असा मागचा दरवाजा नाही.

‘माझं सगळं डी मध्ये आहे’ असं अनेकजण खात्रीने सांगतात. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सी वरच असतात. आउटलुकच्या ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फाइल्स आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डही बहुधा तिथेच. त्याहून घातक गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. डी ड्राइव्ह बिटलॉकरने लॉक केलेला असेल आणि आपोआप उघडत असेल, तर त्या आपोआप उघडण्याची सोय सी वर साठवलेली असते. सी पुसला, पासवर्ड आठवत नाही आणि रिकव्हरी की (कुलूप उघडायचा राखीव कोड) हाताशी नाही, म्हणजे डी वरचा सगळा डेटा गेला. तो कोणीही परत काढून देऊ शकत नाही.

ड्रायव्हरची अडचण वेगळीच. काही लॅपटॉपवर इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला डिस्कच दिसत नाही, तर काहींवर इन्स्टॉल झाल्यावर वाय-फाय गायब असतं.

मग फॉरमॅट कधी मारावा? ३२ बिटवरून ६४ बिटवर जायचं असेल तर पर्याय नाही. विंडोज ७ वरून थेट ११ वर जातानाही प्रोग्रॅम सोबत येत नाहीत. मशीन विकायचं असेल, सेकंडहँड घेतलं असेल, लागण झाली असेल, किंवा अपग्रेड पुन्हा पुन्हा अडकत असेल, तर जरूर मारा. ‘डिस्क एमबीआर आहे’ (म्हणजे तिची विभागणी जुन्या पद्धतीची आहे) हे कारण मात्र आता पुरेसं नाही. २०१७ पासून विंडोजमध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल डेटा न पुसता तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलून देतं.

दोन्हीपैकी काहीही निवडा, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. अपग्रेड केलंत तर प्रिंटर, स्कॅनर, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर पहिल्या दोन-तीन दिवसांतच चालवून पाहा आणि तोवर डिस्क क्लीनअपमधून ‘विंडोज.ओल्ड’ उडवू नका. १० दिवस कमी वाटत असतील, तर ते संपण्याआधीच डिझम (DISM) या विंडोजमधल्याच कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते.