हिवाळ्यातल्या साहसकथा आणि मुलांच्या हातचे काम

हिवाळ्यात घडणाऱ्या इंग्रजी बालसाहसकथा इतकी वर्षे का टिकल्या, याचे उत्तर देताना बहुतेक जण नाताळच्या आठवणींकडे आणि पांढऱ्याशुभ्र देखाव्यांकडे बोट दाखवतात. मला ते उत्तर पटत नाही. ज्यांनी आयुष्यात बर्फ पडताना पाहिलेला नाही, थंडी म्हटली की ज्यांना गोधडी आणि फार तर शेकोटी आठवते, अशा मराठी वाचकांनाही ही पुस्तके खिळवून ठेवतात, आणि तिथे आठवणींचा प्रश्नच येत नाही. माझ्या मते या पुस्तकांचे बळ वेगळेच आहे: त्यांतला हिवाळा मुलांच्या हाती असे काम सोपवतो, की ते झाले नाही तर खरोखरच अडेल.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे ‘द लाँग विंटर’ (१९४०) घ्या. १८८०-८१ च्या हिवाळ्यात, अमेरिकेच्या डकोटा प्रदेशातल्या डी स्मेट या नुकत्याच वसलेल्या गावात ते घडते. ऑक्टोबरातच पहिले हिमवादळ येते, पुढे रुळांवर बर्फ साचून आगगाड्या बंद पडतात, आणि सारे गाव आगगाडीवरच अवलंबून असल्यामुळे कोळसा, रॉकेल, पीठ एकेक करून संपत जाते. मग वडील आणि लॉरा, म्हणजे लहानपणची लेखिकाच, वाळलेल्या गवताचे पीळ घालून जळण करू लागतात. गवताच्या पात्यांनी हात चिरतात, तरी पीळ घट्टच लागतो, कारण सैल गवत भुर्रकन जळून जाते. गहू दळायला कॉफीचे छोटेसे हातयंत्र असते आणि त्यातून पीठ इतके थोडे पडते, की दिवसभर घरातल्या कुणा ना कुणाचा हात त्याच्या दांड्यावर असतोच. आई बटणाभोवती चिंधी बांधून तिची वात करते आणि गाडीच्या वंगणावर दिवा लावते. ज्या घरांत जात्याची घरघर ऐकू आलेली आहे, त्यांना यातले कष्ट समजावून सांगावे लागत नाहीत.

याच पुस्तकात शाळेतून घरी निघालेली मुले हिमवादळात वाट चुकतात. हाताशी धरलेली धाकटी बहीणही धड दिसत नाही, अशा त्या पांढऱ्या अंधारात लॉरा एका भिंतीच्या कोपऱ्यावर आदळते. तो गावाच्या उत्तर टोकाच्या हॉटेलाचा कोपरा असतो. त्याच्या पलीकडे नुसते उघडे माळरान. एवढा प्रसंग लेखिकेने जराही आवाज न चढवता सांगितला आहे, आणि म्हणूनच तो अंगावर येतो.

आर्थर रॅन्सम यांच्या ‘विंटर हॉलिडे’मधला (१९३३) हिवाळा याच्या अगदी उलट आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये एका मुलीला गालगुंड होते, संसर्गाच्या भीतीने बाकीच्यांची सुट्टी लांबते, आणि त्यातच सरोवर गोठते. काल जिथे होडी चालत होती तिथे आज पायी जाता येते, म्हणून मुले नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांचा आदर्श समोर ठेवून ‘उत्तर ध्रुवा’ची मोहीम आखतात. इथे भूक नाही, पण काम आहेच: कंदिलाने खुणा करायच्या, स्लेज ओढायची, कड्यावर अडकलेले मेंढरू सोडवायचे. पुढे एका खुणेचा अर्थ चुकीचा लावला जातो आणि या मुलांपैकी दोघे बहीणभाऊ हिमवादळातच निघतात; तिथे खेळ कुठे संपला आणि धोका कुठे सुरू झाला, हे वाचकाला कळतही नाही. रॅन्सम स्वतः शाळकरी वयात, १८९५ च्या कडाक्याच्या थंडीत, गोठलेल्या विंडरमिअर सरोवरावर स्केटिंग करत होते. पुस्तकातली बर्फाची जाण मला तिथूनच आलेली वाटते.

वाइल्डर यांच्या लेखनातले अमेरिकेच्या मूलनिवासींचे चित्रण खटकणारे आहे, हेही सांगायला हवे. अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेने २०१८ साली त्यांच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले, ते याच कारणाने. मुलांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोलावे, पण पुस्तक त्यांच्यापासून दूर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

दहा वर्षांच्या मुलाला मी आधी ‘विंटर हॉलिडे’ देईन. ‘द लाँग विंटर’ दोन-तीन वर्षांनी, आणि तेही घरातल्या मोठ्यांनी सोबत वाचावे. त्यात एक तरुण आपला बियाण्याचा गहू भिंतीआड लपवून ठेवतो आणि गावासाठी दुसरीकडून गहू आणायला जीव धोक्यात घालून निघतो, त्यावर मुले नक्कीच प्रश्न विचारतील.