तुरिनच्या कफनावर आपला विश्वास टांगू नका

नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय: ‘इटलीतल्या तुरिनचं कफन २,००० वर्षांपूर्वीचं असल्याचं क्ष-किरणांनी सिद्ध झालं. पुनरुत्थानाचा पुरावा मिळाला.’ हे कफन म्हणजे क्रुसावर दिलेल्या माणसाची प्रतिमा उमटलेलं लिननचं लांब कापड; येशूला त्यातच गुंडाळून पुरलं, असं अनेक जण मानतात. मेसेजसोबत ‘१९८८ ची कार्बन चाचणी खोटी ठरली’ आणि ‘चर्चनं मान्य केलंय’ हेही येतं. पाठवणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे. म्हणूनच त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘सिद्ध झालं’: नाही. या दाव्यामागच्या २०२२ च्या इटालियन अभ्यासात क्ष-किरणांनी लिननच्या धाग्यातलं सेल्युलोज किती झिजलंय ते मोजलं आणि इस्राएलमधल्या मसादा इथल्या पहिल्या शतकातल्या कापडाशी ताडून पाहिलं. पण ही झीज नुसत्या वयावर ठरत नाही, उष्णता आणि दमटपणावरही ठरते. म्हणून संशोधकांनी स्वतःच अट घातली आहे: चौदाव्या शतकाआधीची तेरा शतकं कापड सरासरी २० ते २२.५ अंश सेल्सिअस आणि ५५ ते ७५ टक्के आर्द्रतेत राहिलं असेल, तरच हे वय जुळतं. त्या तेरा शतकांत ते कुठे होतं याची पक्की नोंद नाही. शिवाय १५३२ साली आजच्या फ्रान्समधल्या शांबेरीच्या आगीत त्याच्या पेटीची चांदी वितळून घड्यांना भोकं पडली. तापलेलं लिनन लवकर जुनं होतं.

‘१९८८ ची कार्बन चाचणी खोटी ठरली’: हेही नाही. कापडात किरणोत्सर्गी कार्बन किती उरलाय यावरून ही चाचणी वय काढते. ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी इ.स. १२६० ते १३९० हा काळ काढला, आणि कफनाचा पहिला ठोस माग फ्रान्समधल्या लिरे गावी १३५० च्या दशकातच लागतो. नमुना एकाच कोपऱ्यातून कापला, ही उणीव खरी. नवी चाचणी मागणं रास्तच आहे. पण ‘धूर आणि मळ लागून वय चुकलं’ हे हिशेबात बसत नाही. पहिल्या शतकातलं कापड चौदाव्यातलं दिसायला नमुन्यातला जवळपास दोन-तृतीयांश कार्बन आजकालचा असावा लागेल. म्हणजे कापडापेक्षा मळच जास्त, आणि तोही नमुना रसायनांनी स्वच्छ केल्यानंतर!

‘चर्चनं मान्य केलंय’: पोप जॉन पॉल दुसरे १९९८ मध्ये तुरिनलाच म्हणाले होते की हा श्रद्धेचा विषय नाही, शोध शास्त्रज्ञांनी घ्यावा. अवशेषांना मान आहेच. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला लोक जातात ते आदरानं. पुनरुत्थान तपासायला नाही.

आता मुख्य मुद्दा, ‘पुरावा मिळाला’. कफन उद्या खरंच पहिल्या शतकातलं निघालं, तरी त्यात एक क्रुसावर दिलेला माणूस गुंडाळला होता, एवढंच फार तर कळेल. तो उठला की नाही, हे कुठलंही कापड सांगू शकत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो (१ करिंथ १५), आणि आधार म्हणून माणसं उभी करतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. त्या पाचशेंतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही सांगतो. वस्तू एकही दाखवत नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात कबरेतली तागाची वस्त्रं आहेत, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळलेला आहे. पण ती कुणी जपून ठेवली, असं तिथे कुठेही नाही. आणि मोशेनं केलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो अस्सल सापसुद्धा फोडून टाकला (२ राजे १८).

याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एकीचा पाया ठरवताना त्यांनी पवित्र शास्त्र आणि प्रेषितांचा व निकेयाचा असे दोन विश्वासांगीकार धरले. त्यात एकाही अवशेषाचं नाव नाही.