रिपोर्ट चांगला आहे. माणूस कसा आहे?

गेली २१ वर्षे मी एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांचे समुपदेशन करते आहे. या काळात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले आणि स्वतःही उच्चारलेले वाक्य म्हणजे, "तुमचा रिपोर्ट चांगला आहे." व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आला, म्हणजे रक्तातील विषाणूंची संख्या चाचणीच्या पकडीत येणार नाही इतकी घटली, की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते, फाइल मिटली जाते आणि पुढच्या माणसाला आत बोलावले जाते. ते समाधान खरे असते. परंतु ज्यांना हा संसर्ग होऊन पंचवीस-तीस वर्षे उलटली आहेत, त्यांच्या बाबतीत हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते आणि त्यानंतर जे विचारायला हवे ते विचारलेच जात नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली आणि या साथीची पहिली अधिकृत नोंद म्हणून ती ओळखली जाते. त्याच तारखेला, २०१४ पासून, या आजारातून दीर्घकाळ तगलेल्यांचा दिवस पाळला जातो. अशा लोकांची सर्वसाधारण व्याख्या अशी, की ज्यांना १९९६ पूर्वी संसर्ग झाला आणि जे आजही आपल्यात आहेत. १९९६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले, कारण त्या वर्षी व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत तीन औषधे एकत्र देण्याच्या उपचारपद्धतीचे निष्कर्ष जगासमोर आले आणि पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, एकट्या अमेरिकेत एड्सने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. त्याआधीची पंधरा वर्षे मात्र निदान म्हणजे मृत्यूची वार्ताच होती, आणि ती ऐकूनही जे मेले नाहीत त्यांच्याविषयी मी लिहीत आहे.

माझ्याकडे गेली १४ वर्षे एक गृहस्थ येतात. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात. १९९४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांना निदान कळले आणि "दोन वर्षे, फार तर तीन" असे सांगण्यात आले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि सगळी आवराआवर केली. साठवलेले पैसे बहिणीच्या नावावर केले, पुस्तके मित्रांना वाटून टाकली, ठरत आलेले लग्न कारण न सांगता मोडले. बढतीची परीक्षा दिली नाही, कारण तिचा निकाल पाहायला आपण असणार नाही, याची त्यांना खात्री होती. १९९९ मध्ये ३८ किलो वजन उरलेले असताना त्यांना तीन औषधांचा उपचार मिळाला आणि ते उठून बसले. मग नोकरीवर परत गेले आणि रीतसर निवृत्त झाले. एकदा ते मला म्हणाले, "ताई, निरोपसमारंभात सगळे विचारत होते, आता पुढे काय करणार म्हणून. मला उत्तरच देता आले नाही. पुढचे काही ठरवायचे असते, ही सवयच मोडून गेली होती."

ही गत त्यांच्या एकट्याची नाही. अमेरिकेत त्या काळात अनेक रुग्णांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गुंतवणूकदारांना विकल्या होत्या. रुग्णाला हयातीतच रोख रक्कम मिळायची आणि तो गेल्यावर विम्याचे पैसे विकत घेणाऱ्याला मिळायचे, असा तो व्यवहार होता. शेवटचे दिवस बरे जावेत म्हणून तो केला जात असे. पुढे औषधे आली, माणसे जगली, आणि आपल्या मरणाची वाट पाहणारा कोणीतरी अनोळखी माणूस आपल्या पॉलिसीचे हप्ते भरत आहे, हे ठाऊक असताना त्यांना रोज उठून कामाला लागावे लागले. बचत संपलेली, नोकरी सुटलेली, मधल्या दहा-पंधरा वर्षांचा अनुभव कागदावर कोठेच नाही, अशा अवस्थेत ही पिढी पन्नाशीत, साठीत आणि आता सत्तरीत पोहोचली आहे. म्हातारपणाची तरतूद ज्या वयात करायची, त्या वयात ती माणसे अंत्यसंस्कारांची तरतूद करत होती.

औषधांविषयीही थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आज रोज एक गोळी घेणाऱ्या तरुणाला तो काळ डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले एझेडटी हे पहिले औषध सुरुवातीला दर चार तासांनी घ्यावे लागे, म्हणजे रात्री गजर लावून उठणे आलेच. १९९६ चे इंडिनाव्हीर दर आठ तासांनी उपाशीपोटी घ्यायचे आणि दिवसभरात किमान दीड लिटर पाणी प्यायचे, कारण त्या औषधाने मूत्रपिंडात खडे होत. स्टॅव्हुडिन या औषधाने असंख्य लोकांचा जीव वाचवला, मात्र त्याने चेहऱ्यावरची चरबी झडून गालफडे बसायची, आणि मग रिपोर्ट न दाखवताच सगळ्या जगाला रोग कळायचा. पायांच्या नसांची संवेदनाही त्याने जायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. काकांच्या पायातली चप्पल चालता चालता निसटली तरी त्यांना अजूनही कळत नाही. चार पावले पुढे गेल्यावर ते खाली पाहतात आणि मागे फिरतात. औषध बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, पण नसा परत आल्या नाहीत. शिवाय ज्यांनी सुरुवातीला एकेक, दोन-दोन औषधे घेतली, त्यांच्या शरीरातला विषाणू त्या औषधांना दाद देईनासा झाला आणि पुढच्या उपचाराचे पर्याय तेवढे कमी झाले. दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता म्हणून त्यांनी ते घेतले, आणि त्यांच्या अंगावर झालेल्या या प्रयोगांतूनच आजची सुटसुटीत गोळी तयार झाली, याची जाणीव उपचार करणाऱ्यांनी ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

आता प्रश्न वार्धक्याचा आहे. विषाणू दबलेला असला तरी शरीरात एक मंद दाह चालूच राहतो आणि त्यामुळे हृदयविकार, हाडांची ठिसूळता, मूत्रपिंडाचे विकार, काही प्रकारचे कर्करोग इतरांच्या तुलनेत अधिक प्रमाणात आणि अनेकदा लवकर गाठतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिप्रीव्ह या चाचणीत १२ देशांतील ७,७६९ व्यक्ती सहभागी होत्या. हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम समजल्या जाणाऱ्या या व्यक्तींपैकी ज्यांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी रोज दिली गेली, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी आढळले. एक साधी गोळी एवढा फरक पाडू शकते. पण ती मिळण्यासाठी कोणीतरी व्हायरल लोडच्या रकान्यापलीकडे पाहायला हवे. हृदयाचा डॉक्टर म्हणतो, आधी तुमच्या एचआयव्हीच्या डॉक्टरांना विचारा. एचआयव्हीचा डॉक्टर म्हणतो, हे माझ्या अखत्यारीत येत नाही. आणि साठीतला माणूस दोन केबिनच्या मधल्या बाकावर बसून राहतो. काकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका रुग्णालयाने दोनदा पुढे ढकलली आणि तिसऱ्यांदा त्यांचे नाव यादीत सर्वांत शेवटी घातले. कारण कोणी सांगितले नाही. ते आम्हा दोघांनाही माहीत होते.

याहून जिव्हारी लागणारी एक गोष्ट आहे. परिणामकारक उपचारांवर असलेल्या आणि विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे शेकडो जोडप्यांच्या पाहणीतून सिद्ध झाले आहे. पार्टनर या अभ्यासात अशा जोडीदाराकडून झालेल्या संसर्गाची संख्या शून्य होती. रोजच्या स्पर्शातून तर तो कधीच होत नव्हता. हे काकांना ठाऊक आहे, नव्याने येणाऱ्यांना ते माझ्याइतकेच चांगले समजावून सांगतात. तरीही बहिणीच्या नातवाला त्यांनी आजवर एकदाही उचलून घेतलेले नाही. मूल हात पुढे करते आणि हे हात पाठीमागे घेतात. ज्या वर्षांत जगाने त्यांना स्वतःच्या शरीराची भीती शिकवली, त्या वर्षांची शिकवण नव्या माहितीने पुसली जात नाही. तिच्यावर स्वतंत्र काम करावे लागते, आणि त्यासाठी लागणारा वेळ आमच्या कोणत्याही वेळापत्रकात धरलेला नसतो.

शब्दांचाही येथे संबंध आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्स झालेल्या काही जणांनी एका परिषदेत व्यासपीठावर येऊन स्वतःचा जाहीरनामा मांडला आणि आम्हाला 'बळी' म्हणू नका, आमच्याविषयीचे निर्णय घेताना आम्हाला सामील करून घ्या, अशी मागणी केली. त्यांच्यापैकी मायकेल कॅलन यांना १९८२ मध्ये एड्सचे निदान झाले होते आणि ते त्यानंतर ११ वर्षे जगले. जुन्या, स्वस्त कोट्रायमोक्साझोल गोळीने जीवघेणा न्यूमोनिया टाळता येतो, हे ते वर्षानुवर्षे सांगत होते. अधिकृत मार्गदर्शक सूचना मात्र १९८९ मध्ये आल्या. आपण मराठीत अजूनही सर्रास 'एड्सग्रस्त' लिहितो. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळला गेलेला. तीस वर्षे ज्याने या रोगाला स्वतःला गिळू दिले नाही, त्याला हा शब्द लावताना आपला हात अडखळायला हवा.

१९९६ ची रेषाही मला पूर्ण पटत नाही. ती श्रीमंत देशांच्या घड्याळाप्रमाणे आखली गेली आहे. २००० मध्ये दरबान येथील परिषदेत दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश एडविन कॅमेरॉन यांनी आपण स्वतः एचआयव्हीसह जगत आहोत हे सांगून स्पष्टपणे मांडले, की मी आज येथे उभा आहे, कारण मला औषधांचा खर्च परवडतो. माझ्या खंडातील लाखो लोकांना तो परवडत नाही. तेव्हा वर्षभराच्या उपचाराला १०,००० डॉलरहून अधिक खर्च येत असे. २००१ मध्ये सिप्लाने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केल्यावर दार किलकिले झाले, तरी गरीब देशांतील बहुतेकांपर्यंत गोळ्या पोहोचायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे जगाच्या मोठ्या भागात १९९६ नंतरही माणसे औषधाविना मरत होती, उपाय अस्तित्वात आहे हे माहीत असताना मरत होती. त्या वर्षांतून जे तगले, तेही दीर्घकाळ तगलेलेच आहेत, मग त्यांच्या निदानाची तारीख व्याख्येत बसो वा न बसो.

आणि जन्मतःच संसर्ग झालेली मुले? गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी औषध दिल्यास बाळाचा संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. त्याआधी जन्मलेली आणि वाचलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. इतरांना निदानापूर्वीचे एक आयुष्य आठवते. यांना तसे काही आठवायलाच नाही.

२०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३ कोटी १६ लाख उपचार घेत होते. साथ सुरू झाल्यापासून ४ कोटींहून अधिक माणसे गेली. पहिल्या आकड्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. मात्र याच आकड्यांतले लोक आता म्हातारे होत आहेत, आणि वार्धक्यशास्त्र, हृदयरोग, हाडांची तपासणी, मानसिक आधार हे सारे एका छताखाली, एकाच भेटीत मिळावे, ही त्यांची मागणी मला अत्यंत वाजवी वाटते. नवीन संसर्ग रोखण्यासाठी निधी हवाच. त्यासाठी जुन्या लोकांच्या वाट्याला कात्री लावण्याचा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही.

माझ्यापुरता मी एक बदल केला आहे. रिपोर्ट पाहून झाला की मी फाइल बाजूला ठेवते आणि विचारते, "त्या दिवसांत तुमच्यासोबत कोण कोण होते?" काकांना हा प्रश्न मी १४ वर्षांत पहिल्यांदा गेल्या महिन्यात विचारला, आणि एवढा उशीर केल्याबद्दल मला स्वतःची लाज वाटली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकेक करून सात नावे सांगितली. कोण कुठल्या वॉर्डात होता, कोणाला गाणे आवडायचे, कोणाच्या घरून अखेरपर्यंत कोणीही आले नाही. बाहेर रांग वाढत होती. मी ती वाढू दिली. या महिन्यात ते आले तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, आणखी दोघे आठवले."