अभ्यास कमी पडला नव्हता, मिनिटं कमी पडली

आज पेपर सुटल्यावर एक मुलगी जिन्यातच बसून रडत होती. विज्ञानाचा पेपर, बारा गुणांचं लिहायचं राहून गेलं. राहिलेले प्रश्न विचारले तर उत्तरं धडाधड सांगितली तिने. आणि घ्यायला आलेलं मोठं माणूस तिला काय म्हणतंय? "अजून अभ्यास करायला हवा होता."

अहो, अभ्यास झालाच होता! तीन तास बसून लिहायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. "वेळेकडे लक्ष दे" म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे.

हिशोब करा. ८० गुण, १८० मिनिटं. पेपर वाचायला १०, शेवटी तपासायला १०. उरली १६०. म्हणजे एका गुणाला २ मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नाला ६. या पोरीने तीन गुणांच्या पहिल्याच प्रश्नाला अडीच पानं आणि २० मिनिटं दिली, आकृती छान दिसावी म्हणून दोनदा काढली. १४ मिनिटं तिथे गेली. मग दोन गुणांचं गणित अडलं, त्यावर १५ मिनिटं. तिथे आणखी ११ गेली. एकूण २५ मिनिटं, म्हणजे साडेबारा गुण. आणि राहिलं किती? बारा गुणांचं.

म्हणून पेपर सुरू होताच कच्च्या कामाच्या पानावर तीन आकडे लिहायचे: एका तासाला २५ गुण, दीड तासाला ४०, दोन तास दहा मिनिटांना ६०. घड्याळ सारखं बघायचं नाही, या तीन वेळांनाच बघायचं. मागे पडलात तर अक्षर घाईत बिघडवू नका, पुढची उत्तरं आखूड करा. तीन गुणांना तीन ठोस मुद्दे पुरतात.

गणित अडलं तर दिलेली माहिती, सूत्र, त्यात घातलेल्या किमती एवढं लिहा, पाच-सहा ओळी मोकळ्या सोडा आणि पुढे जा. पायऱ्यांना गुण असतात तिथे एवढ्यालाही काहीतरी मिळतं. त्या मुलीने मात्र ते सगळं लिहून पुन्हा खोडलं. उत्तर येत नाही म्हणून! फार वाईट वाटलं ऐकून.

काही पेपर खरंच लांबलचक काढतात, मान्य. ज्यांना लिहिण्याचीच अडचण आहे त्यांना जादा वेळ मिळायलाच हवा, तेही खरं.

आता हाताचं. दुसऱ्या तासानंतर हात भरून येतो तो बहुतेक वेळा पेन आवळून धरल्यामुळे. बोटांची टोकं पांढरी पडताहेत का बघा. दाबून लिहावं लागतं असं पेन नको, आणि परीक्षेच्या दिवशी नवं कोरं तर नकोच, दोन आठवडे वापरलेलं हवं. कोपरापासून पुढचा हात बाकावर टेकलेला असू द्या, नाहीतर सगळा भार बोटांवर आणि खांद्यावर येतो. प्रत्येक मोठ्या उत्तरानंतर पेन खाली ठेवून १० सेकंद बोटं उघडा, लांब कुठेतरी बघा, पाण्याचे दोन घोट घ्या. घटाघटा पिऊ नका, मध्येच उठावं लागेल.

सगळे सांगतात सोपं आधी लिहा. लिहा, पण पाच गुणांचा एक हमखास येणारा प्रश्न दुसऱ्या तासासाठी राखून ठेवा. डोकं जड होतं तेव्हा ओळखीचं काही लिहायला मिळालं की गाडी पुन्हा रुळावर येते.

ही बैठक एका दिवसात येत नाही. आधी ४५ मिनिटं, मग दीड तास, मग पूर्ण तीन तास, पेपरच्याच वेळेला, न उठता. असे तीन-चार पूर्ण पेपर तरी परीक्षेआधी हातून लिहून व्हायला हवेत. तोंडी उजळणीने हात तयार होत नाही. आणि आठ तास झोप. रात्री जागून वाचलेलं सकाळी ऐन वेळी आठवत नाही, आणि रोज जागणारं मूल तिसऱ्या-चौथ्या पेपरला थकून जातं. घरी आल्यावर उत्तरं पडताळत बसू नका, वीस-तीस मिनिटं पडू द्या त्याला. रागावायचं असेल तर शेवटच्या पेपरनंतर रागवा. खरं तर तेव्हाही नको.

परवा तिचा पुढचा पेपर आहे. आता तीन तासांचा सराव नको, हात दमेल. जुन्या प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे फक्त मिनिटं लिहून काढ, एवढंच सांगितलंय तिला.