रोमची रांग आणि गडाचं तिकीट

'महाराजांच्या गडावर तिकीट कसलं लावता?' या वादाला अधूनमधून उकळी फुटते. 2025 साली 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर जास्तच. आणि त्यात एक वाक्य ठरलेलं: 'युरोपात बघा, सगळं कसं मोकळं!' बोलणारे बहुधा आठ दिवसांत पाच देश उरकून आलेले असतात, तिकिटं टूर मॅनेजरने काढलेली.

मी रोमला राहतो, तिथलं सांगतो. कोलोसियमचं साधं तिकीट 18 युरो. विक्री 30 दिवस आधी उघडते आणि मोक्याच्या वेळा भराभर संपतात. दलाल गठ्ठ्याने तिकिटं उचलायचे, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपासून त्यावर नाव छापतात. आपली मंडळी अडकतात ती इथेच. पासपोर्टवर सुलोचना, तिकिटावर माई! नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. दारात 'अहो, मीच ती' चालत नाही. त्याच तिकिटात शेजारचा फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलाटिन टेकडी येते, मुदत 24 तास. फोरमला सावली जवळपास नाहीच, उन्हाळ्यात ते सकाळी उरका. महिन्याचा पहिला रविवार फुकट, पण त्या दिवशी आगाऊ नोंदणी नाही. दिवस रांगेत जातो.

पँथिऑन, म्हणजे पुढे चर्च झालेलं प्राचीन रोमन देऊळ, 2023 च्या जुलैपर्यंत फुकट होतं. 5 युरो लावले तेव्हा इथेही कुरकुर झाली: हे अजून चर्च आहे, देवाच्या दारात तिकीट? तोडगा असा: 70 टक्के सांस्कृतिक खात्याला, 30 टक्के धर्मप्रांताला, प्रार्थनेला येणाऱ्याला काही नाही. घुमटाच्या माथ्यावर सुमारे 9 मीटरचं उघडं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो, किंचित फुगीर फरशीवरून ओघळतो आणि बारीक छिद्रांतून निघून जातो. ओल्या फरशीभोवती दोरी बांधतात, तेव्हा फोटोवाले चिडतात. चिडू देत.

गडाच्या तिकिटाबद्दल भांडायचंच तर पैसे कुठे जातात यावर भांडा ना. पाणी मात्र कुणी विकू नये. रोमच्या गल्लोगल्ली 'नासोनी' नळ अखंड वाहतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उसळते, वाकावं लागत नाही. आपल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी आहेत, आणि त्यांत आपण बाटल्या फेकतो.

रोमच्या रहिवाशाला पँथिऑन फुकट, म्हणून माझं तिकीट लागत नाही. रायगडावर माझ्या ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, भारतीयांचाच दर मिळतो. मिळतो खरा, पण कार्ड काढून दाखवावं लागतं. पाचाडहून चढून आलेल्या बाकीच्यांना कुणी काही विचारत नाही. तिकिटापेक्षा मला तेच जास्त टोचतं.