एका फेरीत दोनदा

घरातली सगळी मंडळी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेली आणि मला घर राखायला ठेवून गेली. दार लागल्यावर मी जो श्वास सोडला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला असावा, कारण खालून बायकोचा आवाज आला, "एवढं हुश्श करायला नकोय काही!"

बेत अगदी साधा होता. सकाळी एकट्याने फिरून यायचं आणि मग दिवसभर गप्प बसायचं. कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बागेत पोहोचलो. गवतावर दव होतं. कुंपणाच्या तारेत एका कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्याच्या प्रत्येक धाग्यावर बारीक थेंब ओवलेले होते. मधल्या थेंबात समोरचं झाड उलटं दिसत होतं, पार पानांसकट. मी वाकून बराच वेळ बघत राहिलो. कोळी स्वतः एका कोपऱ्यात पाय आखडून बसला होता. त्यालाही आज घरीच बसायचं असावं. इतकं प्रसन्न वाटलं की जरा टेकावं म्हणून मी बाकावर बसलो.

दव गवतावर पडतं तसं बाकावरही पडतं, हे तेव्हा लक्षात आलं. अर्थात तेव्हा म्हणजे बसल्यानंतर.

ओली पँट वाळवायला चालण्यासारखा उपाय नाही, म्हणून मी फेऱ्या सुरू केल्या. आणि समोरून टोपीवाले आले. आमची ओळख म्हणजे एवढीच, की ते रोज निळी टोपी घालून उलट दिशेने चालतात. नाव मला माहीत नाही, त्यांना माझं नाही. आता इथे गणित येतं. बागेची फेरी ४०० मीटरची. आम्ही दोघेही ताशी साधारण ६ किलोमीटरने चालणारे, म्हणजे एका फेरीला चार मिनिटं. पण उलट दिशांनी चालणारी दोन माणसं एका फेरीत एकदा नाही, दोनदा भेटतात. दर दोन मिनिटांनी टोपी समोर! सहा फेऱ्यांत बारा भेटी. एवढ्या तर सख्ख्या भावाशी वर्षात होत नाहीत.

पहिल्या भेटीला मी छान हसलो. दुसऱ्या भेटीला मान हलवली. तिसऱ्या भेटीला "आज गारवा आहे" म्हणालो, आणि मौनाचा संकल्प तिथेच मोडला. चौथ्या भेटीला त्यांनी "हो ना" म्हटलं. दोन मिनिटं विचार करून दिलेलं उत्तर होतं ते. पाचव्या भेटीपर्यंत दोघांकडचाही माल संपला. मग मी झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागलो, ते मनगटाकडे. आठव्या भेटीला मी बुटाची लेस बांधायला वाकलो. लेस आधीच बांधलेली होती, म्हणून सोडून परत बांधली. वाकल्यावर आठवलं की आपली पँट मागून ओली आहे आणि टोपीवाले आता नेमके मागच्या बाजूला गेले आहेत. नवव्या भेटीला ते जरा जास्तच आपुलकीने हसले, असं मला वाटलं.

घरी आलो. पुस्तक घेतलं, खुर्ची खिडकीशी ओढली, पाय पसरले. काय ती शांतता! पाचच मिनिटांत कळलं की आपला फ्रिज घुंऽ करतो. इतकी वर्षं हा घुमतोय आणि आम्ही एकमेकांच्या आवाजात त्याला कधी बोलूच दिलं नव्हतं. तो थांबला तर मोरीतला नळ ठिबकू लागला. दोन थेंबांच्या मधली वाट बघणं हे थेंबापेक्षा वाईट. त्या नादात एकच पान मी चारदा वाचलं.

तेवढ्यात मनगट थरथरलं. लेकीने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ म्हणत होतं, "उठा, थोडं चाला." माझी २,१४० पावलंच झाली होती म्हणे. सहा फेऱ्यांची साडेतीन हजारांच्या घरात व्हायला हवीत! मग उमगलं. हे घड्याळ पाय बघत नाही, हाताचा झोका बघतं, आणि मला हात पाठीमागे बांधून चालायची सवय. विशेषतः आज तर झाकायलाही काहीतरी होतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या हात हलवून पाहिला. अकरा पावलं जमा झाली.

पाठोपाठ लेकीचा फोन. तिला माझी पावलं तिथे दिसतात. "बाबा, बरं नाहीये का? दहा हजार करायची असतात ना!" मी तिला सांगितलं की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, असं ठेवलं. आकडा गोल होता, चिकटला. २०१९ साली आय-मिन ली या संशोधिकेने सुमारे १७ हजार वयस्कर बायकांची पावलं तपासली, तर साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचाच थांबला होता.

"त्या बायका होत्या," लेक म्हणाली. "आणि साडेसात तरी कुठे झालीत?"

मग बायकोने फोन घेतला. "अहो, गॅस बंद केलात ना?" त्यानंतर दिवसभरात हा प्रश्न तीन वेळा आला, आणि प्रत्येक वेळी मी उठून बघून आलो. येताजाता हात जोरजोरात हलवत गेलो. गप्प बसण्याच्या दिवशी मी एकूण सात फोन घेतले आणि रात्री दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशी शतपावली घालत फ्रिजशी दोन शब्द बोललो.

झोपताना मात्र एक नामी युक्ती सुचली. उलट चालल्यामुळे बारा भेटी होतात ना? मग आपणच दिशा बदलायची. एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललो तर टोपीवाल्यांची आणि आपली उभ्या जन्मात गाठ पडायची नाही. गणित आयुष्यात असं कधीतरीच उपयोगी पडतं.

सकाळी बाकाकडे न बघता मी डावीकडे वळलो. कोळ्याच्या जाळ्याजवळ पोहोचलो तर समोरून, उजवीकडून, निळी टोपी येत होती.

त्यांनीही दिशा बदलली होती.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही एकदमच लेस बांधायला वाकलो.