सिनेमा कळला, असं चुकूनही म्हणू नका

विचित्र सिनेमाचा जाणकार व्हायचं असेल तर धुळे-जळगावसारखी जागा नाही. पुण्यात हे काम महाकठीण. तिथे १९६४ पासून चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि कुठल्याही सिनेमाचं नाव काढलंत की समोरचा म्हणतो, "हो, पण त्याचा आधीचा जास्त चांगला होता." आपल्याकडे तसली भीती नाही. शेवभाजीच्या टेबलावर बसून मी पहिल्यांदा 'बेला टार' हे नाव काढलं. हंगेरीचा दिग्दर्शक, १९९४ साली सात तासांहून लांब सिनेमा काढून मोकळा झालेला. समोरच्या आप्पांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवता बुडवता विचारलं, "कपाशीवर चालतं का? पंपाला किती टाकायचं?" तालुक्यात स्पर्धकच नसणं किती सुखाचं, ते त्या दिवशी कळलं.

तर पहिलं पथ्य. सिनेमा 'कळला' म्हणायचं नाही. 'आवडला' तर त्याहून नाही. आवडतो तो वरणबट्टीचा बेत. विचित्र सिनेमा 'अंगावर येतो', नाहीतर 'प्रश्न विचारतो'. कोणते प्रश्न, असं कुणी खोदून विचारलंच तर चहा मागवायचा. सरावासाठी 'ओम दर-ब-दर' उत्तम. कमल स्वरूप यांनी तो १९८८ मध्ये पुरा केला आणि थिएटरला रीतसर लागला २०१४ च्या जानेवारीत. मध्ये सव्वीस वर्षं गेली. पाडळसे धरणाकडे डोळे लावून बसलेल्या अमळनेरकरांना या आकड्याचं काही वाटणार नाही, पण बाकीच्यांवर छाप पडते. त्यात अजमेर आहे, पुष्कर आहे, बेडूक आहेत. आणखी काय आहे ते मी तीनदा पाहिलंय, म्हणून सांगत नाही.

आता थिएटरकडे वळू. असला सिनेमा आपल्या गावात लागलाच तर एक आठवडा, एक शो, सकाळी नऊ-चाळीसचा. पाच तिकिटं गेली नाहीत तर तोही होत नाही. मे महिन्यातली गोष्ट आहे. मी आणि माझा मित्र मिळून दोघे. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "अजून तीन आणा, लावतो." आम्ही ज्या रिक्षातून आलो तिच्या चालकाला विचारलं. त्याने विचारलं, "एसी आहे ना?" बाहेर सकाळीच डांबर मऊ व्हायला लागलेलं. तो आला, त्याचा मेहुणा आला, आणि टपरीवरचा पोऱ्या आला. तिघांची तिकिटं अर्थात आम्हीच काढली. कलेसाठी खिशाला चाट बसते, तीही पाच जणांची.

दिवे गेले. पडदा पांढरा. नुसता पांढरा, एका कोपऱ्यात पानाच्या पिचकारीचा जुना डाग. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी मित्राच्या कानात सांगायला सुरुवात केली की ही रिकामी चौकट म्हणजे प्रेक्षकाच्या अपेक्षेवरच बोट ठेवणं आहे. रिक्षावाल्याने मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, "त्या डागाचंही काही आहे का?" मी म्हटलं, असू शकतं. विसाव्या मिनिटाला ऑपरेटर आत डोकावला. "पाच मिनिटं थांबा, किल्ली आलेली नाही."

ही किल्ली काय ते ठाऊक असू द्या, पुढे चारचौघांत उपयोगी पडेल. पूर्वी रिळांच्या पेट्या यायच्या. भुसावळला रेल्वेचं जंक्शन, सिनेमा वाटणाऱ्या-दाखवणाऱ्यांची संघटना असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्यालयही तिथेच, त्यामुळे सिनेमाच्या धंद्यात भुसावळ हे नाव मुंबईवाल्यांनाही पाठ. आता पेटी नाही. सिनेमा कुलूपबंद डिजिटल फाइल होऊन येतो, त्याची किल्ली वेगळी येते, तीही फाइलच, आणि ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालते. किल्ली नाही आली तर पडदा पांढरा. त्यात कसलंही भाष्य नसतं. पण तुम्ही माझ्यासारखे आधीच भाष्य करून बसला असाल तर मागे फिरायचं नाही. मी फिरलो नाही.

पुढे सिनेमा झाला. एक म्हातारा घराबाहेर बाजेवर बसून कुणाची तरी वाट पाहतो, येणारा काही येत नाही. बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याने भाड्याशिवाय आणखी दीडशे मागितले. "वेटिंग लागलं ना, साहेब." मी म्हटलं, अरे, तू आत सिनेमा पाहत होतास. तो म्हणाला, "आत काय केलं मग? त्या बाबासोबत वाटच पाहिली ना." त्या सिनेमावर मी नंतर आठशे शब्द लिहिले. हे वाक्य त्यात घेतलं नाही. माझ्या बाकीच्या वाक्यांचं नुकसान झालं असतं.

लहानपणी आपण जे विचित्र पाहिलं ते मात्र मोजायचं नाही. सारंगखेड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा असायचा. एकच प्रोजेक्टर. हजार फुटांचं एक रीळ, सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे अकरा मिनिटांनी अंधार, शिट्ट्या, ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार, मग पुढचं रीळ. एका रात्री त्याच्या हातून पेट्यांची गल्लत झाली. हिरोची आई आधी वारली, सगळा तंबू हळहळला, मग अकरा मिनिटांनी तीच माउली हिरोला भाकरी वाढायला हजर. उठून कुणीही गेलं नाही. शेजारचे जिभाऊ आपल्या बायकोला म्हणाले, "आठवण येई राहनी त्याले." सगळ्यांना पटलं. पुढे कितीतरी वर्षांनी मी निवेदनाच्या मोडतोडीवर एक व्याख्यान ऐकलं, पैसे भरून. तिथे जिभाऊंचं नाव निघालं नाही.

तसंच मालेगावचं. आपल्या वेशीवरचं गाव, धुळ्याहून पन्नासेक किलोमीटर. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनी २००० च्या सुमारास गावातल्या मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा फिरवायला सायकल, उंचावरून दृश्य घ्यायला बैलगाडी. पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काडीपहिलवानाला सुपरमॅन करून उडवलं. आता अशा वेळी जाणकाराने काय करावं? काहीही करू नये. वाट पाहावी. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये झाला, तो परदेशातल्या महोत्सवांत फिरला की भुवई जराशी उंचवावी. २०२४ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा मात्र लगेच म्हणावं, "हे तर आमच्या बाजूचेच." त्याआधी म्हणणं धोक्याचं होतं. एसटीने दीड-दोन तासांत पोहोचता येणाऱ्या गोष्टीचा शोध लावता येत नाही. शोध लागायला मधे समुद्र लागतो.

समुद्र नसेल तर निदान पगार लागतो. कांती शाहांचा १९९८ चा 'गुंडा' घ्या, यमक जुळवून शिव्या देणारे खलनायक असलेला. तोच सिनेमा मार्केट यार्डातल्या हमालाने दुपारच्या खेळाला पाहिला तर बी ग्रेड. हिंजवडीतल्या इंजिनिअरने मित्रांसोबत हसत हसत पाहिला तर कल्ट. तुम्ही दुसऱ्या बाकावर बसा. आणि हसताना आपण सिनेमाला हसतोय की सिनेमासोबत, हे समोरच्याला कळू देऊ नका. स्वतःलाही कळू दिलं नाही तर उत्तमच.

घरी पाहण्याचं तंत्र वेगळं, कारण घरी पाहावंच लागत नाही. यादी करावी लागते. माझ्या यादीत दोनशे चाळीस सिनेमे आहेत आणि ती मी लोकांना दाखवतो. लांबलचक सिनेमे तर न पाहता सांगण्यासाठीच जन्माला आलेत. अँडी वॉरहॉलचा १९६४ चा 'एम्पायर' आठ तास पाच मिनिटांचा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग, रात्र, उजळलेला माथा, बस्स. हे मी गावी चुलत्यांना सांगितलं. कृषिपंपाच्या थ्री फेजचे आठ तास दिवसा की रात्री, यावर त्यांचं झोपेचं वेळापत्रक ठरतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आठ तासांत एकदाही गेली नाही?" सिनेमात काय घडतं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. वीज जाण्याची वाट पाहत त्यांनी तो अख्खा पाहिला असता, आणि शेवटाकडे ते रोषणाईचे दिवे मालवतात तिथे उठून डीपीकडे निघाले असते.

आणखी एक पाठ करून ठेवा. चार्ली शॅकलटन नावाच्या ब्रिटिश माणसाने २०१६ मध्ये दहा तास सात मिनिटांचा सिनेमा केला, भिंतीवरचा रंग वाळतानाचा. तिथल्या सेन्सॉर मंडळाची फी सिनेमाच्या लांबीवर ठरते. याने लोकांकडून वर्गणी काढली, फी भरली, आणि मंडळाच्या परीक्षकांना तो पूर्ण पाहायला लावला. प्रमाणपत्र मिळालं 'सर्वांसाठी'. दिवाळीआधी रंगारी बोलावला की हा किस्सा सांगावा. आमच्या रंगाऱ्याने एकच विचारलं, "त्यांना रोजी किती पडली?"

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी असला सिनेमा लावताना आईला खोलीत येऊ देऊ नका. वडील चालतील, ते दहाव्या मिनिटाला बातम्या मागतात. आई नको.

'जान डिलमान' हा शांताल आकेरमान यांचा १९७५ चा सिनेमा. तीन तास एकवीस मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा पोरगा, तिचं स्वयंपाकघर, तीन दिवस. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं, त्यात २०२२ साली हा जगातला पहिल्या क्रमांकाचा सिनेमा ठरला. तो पाहून लगेच लिहिणं मला भागच होतं. रात्री साडेनऊला लावला. आई दाराशी उभी राहिली, मग टेकली. फ्रेंच तिला येत नाही, इंग्रजी तळओळी वाचता येत नाहीत, पण त्या बाईला बोलायचंच नव्हतं. ती बटाटे सोलत होती.

"इतला जाड सोलतस का?" आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, हा सिनेमा काळाबद्दल आहे.

"कायना काळ? अर्धा बटाटा सालमा गया."

मग दारावरची घंटा वाजली, एक गृहस्थ आला, कोट-टोपी तिच्या हाती दिली, दोघं आतल्या खोलीत गेले. माझ्या पोटात गोळा. आई म्हणाली, "कोन शे हाऊ?" मी म्हटलं, नातेवाईक. दुसऱ्या दिवशी दुसरा गृहस्थ आला. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऱ्हाऊ दे. समजनं माले," म्हणाली, आणि पदर सावरून नीट मांडी घालून बसली.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. बाई गाळत होती, पुसत होती, दिवे लावत होती, मालवत होती, मी उशीला टेकलो होतो. मधेच आईचा आवाज आला, मला उद्देशून नसावा. "काल त्या भांडावर झाकन ठेयेल व्हतं. आज इसरनी." थोड्या वेळाने, "बटाटा लागी गयात. तिनं काहीतरी बिघडेल शे."

जाग आली तेव्हा उजाडलेलं. टीव्ही बंद, रिमोट त्याच्या जागेवर, माझ्या अंगावर गोधडी. फोनवर मी रात्री साडेनऊलाच टाकलेलं वाक्य: 'आज जगातला सर्वश्रेष्ठ सिनेमा पाहतोय. सकाळी सविस्तर.' खाली एकोणीस जण सकाळची वाट पाहत होते.

आई ओट्यापाशी होती. गॅसवर वांगी भाजत होती, हिरवी-पांढरी, भरताची. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि सहज म्हणून विचारलं, शेवटी काय झालं गं त्या बाईचं?

तिने वांगं देठाला धरून फिरवलं. कातडी तडकली, रस गॅसवर चुरचुरला.

"तू ते झोपी गयथा."

म्हणून तर विचारतोय, मी म्हटलं.

तिने लसणाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "पहिले हाई सोल." मी बसलो सोलायला. तिने मान वळवून दोनदा पाहिलं, काही बोलली नाही. पाव किलो लसूण संपत आला, वांगी ठेचून झाली, मिरच्या भाजून झाल्या. शेवट अजून तिने सांगितलेला नव्हता.